मंगळवारी आलेले बारा फॉर्म

वसंता,

मागच्या रविवारी तुझा तेरावा झाला. पानं उचलली, माणसं पांगली, आणि शांतावहिनींनी पदराला हात पुसत मला विचारलं, "भाऊजी, यायची पेन्शन किती बसन हो?" मी पाणी मागितलं. त्या पाणी आणायला आत वळल्या आणि मी चपला हातात घेऊन जिना उतरलो. सेक्टर बावीसमधल्या या इमारतीत तू वर आणि मी खाली, अशी नऊ वर्षं काढली आपण. तुझ्या घरून मी कितीदा तरी रुसून खाली आलोय, पण पळून पहिल्यांदाच आलो.

इथल्या आपल्या मराठी मंडळानं मला तुझ्यावर चार शब्द लिहायला सांगितलंय. जन्म कुठला, शिक्षण किती, बदल्या कुठे कुठे. ते कुणीही लिहील. अकोल्याचा एक माणूस धान्य महामंडळाच्या डेपोत आग विझवायला चंदीगडला आला आणि खोकून खोकून मेला, यात मंडळानं छापण्यासारखं काय आहे? मला तुझ्याशी बोलायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, आणि तू पुढं निघून गेलास.

पेन्शन बसणार नाही, वसंता. हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे, आणि वहिनींना तू कधी सांगितलं नाहीस. हेड ऑफिसात आस्थापनेचा कारकून मीच. तुझ्या मृत्यूनंतरचे सगळे कागद माझ्याच टेबलावर येऊन पडलेत. 'कुटुंब निवृत्तिवेतन' या रकान्यासमोर 'लागू नाही' असं माझ्याच अक्षरात लिहायचंय. पाच दिवस मी तो रकाना सोडून बाकीचा कागद पुन्हा पुन्हा भरतोय.

ते परिपत्रक आठवतं? तोवर आपल्या महामंडळात नुसता फंड होता. निवृत्त झालं की एकरकमी काय असेल ते घ्यायचं आणि राम म्हणायचं. मग वरून हुकूम आला की आता पेन्शन लागू होणार, आणि माणूस गेला तर मागे बायकोला तहहयात. पेन्शन हवी असेल त्यानं काहीच करायचं नव्हतं. गप्प बसेल तो आपोआप पेन्शनीत जाणार. जुन्या फंडातच राहायचं असेल त्यानंच तेवढा फॉर्म भरायचा, तोही मुदतीत. मुदतीनंतर आलेला फॉर्म रद्द, आणि मुदतीत दिलेला परत फिरवता यायचा नाही. सरकारनं जन्मात पहिल्यांदा आळशी माणसाचं भलं करायचं ठरवलं होतं. मी माझा फॉर्म ड्रॉवरात टाकला आणि दुपारी त्यावर इथली किन्नू संत्री सोलून खाल्ली. माझी पेन्शन शाबूत आहे.

तू मात्र आळशी नव्हतास. तिथंच सगळं बिनसलं.

गच्चीवर उन्हात बसलो होतो आपण. हिवाळ्यातला रविवार होता. तू बुटांना तेल लावत होतास आणि मी तुला शहाणपण शिकवत होतो. म्हटलं, "वसंता, तू रोज आगीत जातोस. पेन्शनची खरी गरज तुलाच आहे. फॉर्म फाडून टाक." तू बुटावरून मान वर केली नाहीस.

"मले उद्याचं नको सांगू, मधू. इथं सकाळी गेलेली बस संध्याकाळी वापस येईनच, याची ग्यारंटी नाही. पेन्शन खायले म्हातारं व्हा लागते."

"अरे, तू गेलास तर वहिनींना मिळेल ना!"

"मिळीन! माह्या मायले मिळाली ना. बाप जंगलखात्यात होता. दरसाली माय तालुक्याले पायी जाय, जिवंत हाये म्हणून सांगाले. एका साली म्हणे अंगठा नीट उठला नाही, पुन्हा या. म्हातारी दारात बसून रडली अन् मले म्हणे, मेली असती त बरं झालं असतं. शांतीले मी असं नाही करू देनार. माह्या मागं एकदाच काय ते हातात पडो, अन् मोकळी हो."

मी तुला अडाणी म्हटलं. तू मला कागदी घोडा म्हटलंस. मी म्हटलं, फंडातलं अर्धं तर तू आधीच अकोल्याच्या घरात घातलंयस, हातात पडणार काय? तू बुटं उचललीस आणि खाली गेलास. महिनाभर आपण बोललो नाही. जिन्यात समोरासमोर आलो की दोघंही भिंतीकडे बघत जायचो. माझी नलिनी, वहिनी आणि तुझी लेक वर्षा यांच्या हातून वाटीतला ठेचा आणि कढी तेवढी वरखाली जायची.

माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. पण तुझी माय त्या गच्चीवर तुझ्या बोलण्यातून मला पहिल्यांदा दिसली, आणि तिच्यावर मी काहीच बोललो नाही. ते बोलायला हवं होतं.

आणि तुझी ती गिनती! आग विझली की गाडीपाशी सगळ्यांना उभं करायचं आणि ज्यानं त्यानं आपला नंबर मोठ्यानं म्हणायचा. एक ते बारा. एखादा नंबर आला नाही, तर तो माणूस आत राहिला असं समजून तू सरळ आत शिरायचास. बारदानाच्या गोदामाला आग लागली होती तेव्हा सात नंबर आला नाही. तू धुरात परत गेलास, आणि सात नंबर गाडीमागे नळाला तोंड लावून पाणी पीत होता. तुला बाहेर ओढून काढलं तेव्हा तू काळानिळा होतास. तुझा खोकला त्या दिवसाचा. डॉक्टर काहीही म्हणोत, मी तेच म्हणणार. सात नंबरला तू शिवीसुद्धा दिली नाहीस. एवढंच म्हणालास, "इलाज नाही. जवाब नाही आला त जा लागते."

त्या फॉर्मच्या बाबतीतही तुझं तेच झालं. वरून कागद आला म्हणजे कुणीतरी हाक मारली. उत्तर द्यायलाच पाहिजे. न बोलणं हेसुद्धा उत्तर असू शकतं, हे तुझ्या खाकी डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. तू भरलास म्हणून तुझ्या अकरा जणांनी भरला. साहेब करतात ते बरोबर. वर मी माझ्या हातानं डेपोला स्मरणपत्र धाडलं होतं, 'ज्यांचे फॉर्म आले नाहीत त्यांनी त्वरित पाठवावेत.' सवयीनं धाडलं. कागद पाठवा म्हणायचं, एवढंच आम्हाला येतं.

मुदत शनिवारची होती. शुक्रवारी पंजाबातल्या खरड गावाच्या रस्त्यावर अतिरेक्यांनी बसमधून माणसं उतरवून मारली, बस पेटवली, आणि पलीकडे संचारबंदी लागली. तुझा डेपो त्या बाजूला, हेड ऑफिस या बाजूला. शनिवारी आमचं ऑफिस चालू होतं. संध्याकाळपर्यंत तुझे फॉर्म आले नाहीत. खोटं का बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, सुटला गडी. याच्या हट्टापुढे माझं काही चाललं नाही, पण कर्फ्यूनं काम केलं. दोन दिवस मी मनातल्या मनात वहिनींना पेन्शन देऊन टाकली होती.

मंगळवारी सकाळी तू आलास. चार दिवस घरी आला नव्हतास. अंगावर तेच कपडे, भुवया जळलेल्या, आणि त्या बसचा वास. वाटेतल्या पोलीस नाक्यांवर तुझ्या ड्रायव्हरला, गुरमेलसिंगला, दर वेळी खाली उतरवून हात वर करायला लावत. दर वेळी तूही उतरून त्याच्याशेजारी हात वर करून उभा राहत होतास. हे त्यानं मला मागाहून सांगितलं. तू हेल्मेट उलटं करून माझ्या टेबलावर ठेवलंस. आत बारा फॉर्म होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, एकावरही पाण्याचा डाग नाही.

महिन्याभरानं तू माझ्याशी बोललास. "उशीर झाला ना बे? नाही म्हणशीन त वापस नेतो."

नाही म्हणायचं होतं, वसंता. दोन अक्षरं. नियम माझ्या बाजूनं होता, माझी अक्कल माझ्या बाजूनं होती, आणि तू स्वतः मला वाट करून दिली होतीस. पण तू चार दिवस जागा होतास, आणि भांडण विसरून माझ्याकडे काहीतरी मागत होतास. आम्हा कारकुनांच्या जमातीत मागच्या तारखेचा शिक्का मारून देणं हा सर्वांत मोठा उपकार. दुसरं आमच्या हातात असतंच काय? मी शिक्क्याचं चाक तीन घरं मागं फिरवलं. शनिवार. बारा वेळा ठक ठक केलं. आवक नोंदवहीत शनिवारच्या पानावर खाली जागा होती, तिथं बारा नावं कोंबली. मग तुला चहा पाजला. तू बशीत ओतून प्यायलास आणि हसलास. मला एवढं बरं वाटलं की मी तुझ्याबरोबर खाली गाडीपर्यंत आलो.

तुझं भलं करायची एक संधी माझ्या हातात आली होती, आणि मी ती मैत्री सांधायला खर्च केली.

पुढची तीन वर्षं चांगली गेली म्हणायची. आपण बोलत होतो, पत्ते कुटत होतो, फॉर्मचं नाव काढत नव्हतो. तू बाहेर काय बघून येतोस ते तू वहिनींना सांगत नसायचास. दारातच बूट धुवायचास, तेवढ्यावरून त्या ओळखायच्या. तुला गोळी लागेल, गाडीखाली बाँब निघेल, अशी भीती आम्हा सगळ्यांना होती. वहिनी तर बातम्या लागल्या की रेडिओ बंद करायच्या. आणि तू मेलास अंथरुणात, उशीला टेकून बसल्या बसल्या, श्वास पुरेना म्हणून.

हॉस्पिटलातली ती दुपार मला सांगून टाकू दे. वहिनी डबा धुवायला गेल्या होत्या. तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास.

"मधू, थो फॉर्म... आता बदलता येते का?"

मी म्हटलं, "बघतो."

"शांती एकटी कशी करन बे. मी मायचाच विचार केला. हिचा केलाच नाही."

"बघतो म्हटलं ना. बोलू नकोस जास्त."

बघायला काहीही नव्हतं. फॉर्म बदलता येत नव्हता, पण रद्द होऊ शकत होता, कारण तो मुळात मुदतीनंतरचा होता. हे जगात दोघांनाच माहीत होतं. तुझ्या जिवंतपणी तू आणि मी दोघांनी मिळून सही करून सांगितलं असतं, तर कदाचित महिन्याभरात काम झालं असतं. पण त्यासाठी मला म्हणावं लागलं असतं की मी सरकारी नोंदवहीत खोटी तारीख घातली. त्याची शिक्षा काय हे मला परिपत्रक क्रमांकासकट पाठ आहे. नोकरी जाते, आणि तिच्यामागून पेन्शनही. मी उशीजवळच्या स्टुलावर बसून माझ्या पेन्शनचा विचार केला, वसंता. तू मास्क पुन्हा लावलास आणि माझा हात थोपटलास, जणू मीच आजारी होतो. नवव्या दिवशी तू गेलास.

तुझ्यावर मला राग येतो. एवढ्या उशिरा का विचारलंस? आणि एवढ्या हळू आवाजात का? तू ओरडायला हवं होतंस. तू दुसऱ्यांच्या नंबरासाठी आगीत शिरलास, आणि स्वतःचा नंबर असा पुटपुटलास की मला ऐकू न आल्यासारखं करता आलं.

सोमवारी वर्षा माझ्याकडे आली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीतच, यावरून तू किती चिडायचास. म्हणाली, "काका, पापा का फॉर्म आप ही ने जमा किया था ना? मम्मी कह रही हैं, काका ने किया है तो ठीक ही किया होगा." सोळा वर्षांची आहे. तिच्या डोळ्यात संशय असता तर मला सोपं गेलं असतं.

बुधवारी मी खरडला गेलो, तुझ्या डेपोतल्या कपाटातलं सामान आणायला. एक स्वेटर, दाढीचं सामान, वहिनींचं एक जुनं पत्र. गुरमेलसिंगनं ते पिशवीत भरून दिलं, आणि मग मी त्याला फायर स्टेशनचा रोजनामचा मागितला, तीन वर्षांपूर्वीचा. का ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. तू गाडी निघाली, आली, पाइप वाळत घातला, सगळं मिनिटानिशी त्यात लिहायचास, हे मला माहीत होतं. चुकलं तर खोडायचं नाही, खाली नवीन ओळ लिहायची, हा तुझा नियमही माहीत होता. त्या मंगळवारचं पान निघालं. इथल्या लोकांना वाचता यावं म्हणून तू हिंदीत लिहायचास.

'सुबह नौ बजकर पाँच. विकल्प फॉर्म बारह अदद लेकर हेड ऑफिस रवाना. तारीख शनिवार को निकल चुकी थी. दोपहर बारह बजे वापसी. मधुकर बाबू ने ले लिए. मेहरबानी की.'

मी तीन वर्षं माझं पाप लपवून ठेवलं असं समजत होतो, आणि तू ते त्याच दिवशी उघड्या वहीत लिहून ठेवलं होतंस. कुणीही येऊन वाचावं असं. फक्त तुझ्या लेखी ते पाप नव्हतं.

मी तिथल्या बाकावर बसलो आणि गुरमेलसिंगला सगळं सांगितलं. तोही त्या बारांतला. त्यानं दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मेरी घरवाली अज वी पुछदी ऐ, तूं साइन किथे कर आया सी." सही कुठं करून आलास, हे त्याची बायको अजून विचारते. आणि रोजनामच्याकडे बोट करून म्हणाला, "लिख दो बाबूजी. जो हुआ, लिख दो." वही त्यानं माझ्या नावावर रीतसर नोंद करून दिली. तुझ्याच हाताखाली तयार झालेला माणूस.

घरी येऊन नलिनीला सांगितलं. तिची पेन्शनही यातच आहे, म्हणून तिला आधी सांगणं भाग होतं. तिनं गॅस बंद केला आणि वर गेली, वहिनींकडे कणीक मळायला. मी टेबलाशी बसून अर्ज लिहिला. बाराही फॉर्म मंगळवारी आले, शनिवारची तारीख मी घातली, सोबत रोजनामचा जोडला आहे, फॉर्म मुदतबाह्य समजून बाराही जणांना पेन्शन लागू करावी. स्वतःसाठी काही मागितलं नाही. एवढा सरळ कागद मी सव्वीस वर्षांत लिहिला नव्हता.

काल सकाळी दहा वाजता तो मीच आवक नोंदवहीत घेतला. शिक्का मारायच्या आधी चाक दोनदा तपासलं. साहेबांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "तुम्हें पता है ना, इसका क्या होगा?" वहिनींचं काय होईल ते मला माहीत नाही. वर्ष लागेल, दोन लागतील, कदाचित नकारही येईल. माझं काय होईल ते माहीत आहे. मी हो म्हटलं. रोजनामच्याची नक्कल करून अर्जाला जोडली आणि मूळ वही डेपोत परत करायला पुढच्या आठवड्याची मुदत मिळवली, कारण ती आधी वर वहिनींकडे न्यायची होती.

आज मी जिना चढलो. वहिनींना सगळं सांगितलं, गच्चीपासून हॉस्पिटलापर्यंत. हॉस्पिटलातलंही. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. तुझं अक्षर बघून त्यांनी आधी पानावरून हात फिरवला, मग एकेक शब्दावर बोट ठेवत वाचलं. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं.

"हे मेहरबानी लिवलं हाये, ते खोडून टाका, भाऊजी."

मी खिशातून पेन काढलं. मग तसंच हातात धरून बसलो. म्हटलं, "वहिनी, यात खोडाखोड करायची नाही, असा त्याचा नियम होता."

त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली. मला पाणी विचारलं नाही.